हेत्वाभास: पटतात पण फसवतात अशा युक्तिवादांबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हेत्वाभास म्हणजे नेमकं काय?

कारणासारखं दिसणारं, पण कारण नसलेलं काहीतरी. 'हेतु' आणि 'आभास' मिळून झालेला हा शब्द मराठी माणसाला हमखास चकवतो, कारण आज आपण 'हेतू' म्हणतो तो मनातला इरादा. न्यायशास्त्रातला, म्हणजे प्राचीन भारतीय तर्कशास्त्रातला, हेतु म्हणजे ज्याच्या जोरावर निष्कर्ष काढला ती खूण. 'त्या डोंगरावर आग आहे, कारण तिथे धूर दिसतोय' यात धूर हा हेतु. आपण धुक्यालाच धूर समजत असलो, तर तो हेतु नुसता आभास ठरतो. आता वाक्य उलटं करा: 'तिथे आग आहे, म्हणजे धूर असणारच.' यावर नैयायिक, म्हणजे न्यायशास्त्राचे पंडित, लोखंडाचा तापून लाल झालेला गोळा पुढे करतात. आग आहे, धूर नाही. दोन्ही वाक्यं कानाला सारखीच ठाम लागतात, पण पहिलं टिकतं आणि दुसरं टिकत नाही.

यात बोलणाऱ्याच्या दानतीचा प्रश्नच येत नाही. माणूस अगदी प्रामाणिक असूनही हेत्वाभास करतो, आणि बहुतेक वेळा तसंच घडतं.

कुतर्क, वितंडवाद, शब्दच्छल, हे सगळं एकच ना?

नाही, जरी बोलताना आपण सरमिसळ करत असलो तरी. न्यायशास्त्राचा मूळ ग्रंथ म्हणजे गौतम ऋषींची न्यायसूत्रं; त्यांतलं पहिलंच सूत्र सोळा विषय मोजतं, आणि त्यातले सात वादविवादाशी थेट संबंधित आहेत: वाद, जल्प, वितंडा, हेत्वाभास, छल, जाति आणि निग्रहस्थान. खरं काय ते शोधण्यासाठी दोघे बसले तर तो वाद. जिंकण्यासाठी बसले तर जल्प. आणि स्वतःची बाजूच न मांडता समोरच्याचं फक्त खोडत राहिलं तर वितंडा. आज आपण कुठल्याही निष्फळ भांडणाला वितंडवाद म्हणतो, त्यात मूळ शब्दाची धार गेली. वितंडा करणाऱ्याला खोडून काढणं अशक्य असतं, कारण खोडायला त्याने काही ठेवलेलंच नसतं. ही धार परत आणावी असं मला मनापासून वाटतं. खाली एके ठिकाणी ती उपयोगी पडणार आहे.

छल म्हणजे समोरच्याच्या शब्दाचा अर्थ मुद्दाम वाकवणं. परंपरेतलं उदाहरण मजेदार आहे. कोणी म्हणालं, 'हा मुलगा नवकंबल आहे', म्हणजे त्याच्याकडची कांबळ नवी आहे. ऐकणारा म्हणतो, 'नव कुठे? मला तर एकच दिसतेय!' संस्कृतात 'नव' म्हणजे नवीन आणि 'नव' म्हणजे नऊसुद्धा. आपण शब्दच्छल म्हणतो तो हाच.

जाति या शब्दाचा इथे समाजातल्या जातींशी काही संबंध नाही. वरवरच्या साम्यावर किंवा फरकावर बेतलेला पोकळ प्रतिवाद म्हणजे जाति. न्यायसूत्रांत त्याचे २४ प्रकार आहेत.

कुतर्क हा मात्र सैल शब्द आहे. त्यात सगळंच बसतं, म्हणून तो वापरून फारसं काही कळत नाही.

प्रत्येक पायरी पटली तर शेवट चुकीचा कसा असेल?

समजा, अ आणि ब सारखे आहेत. दोन्ही बाजूंना अ ने गुणा: अ² = अब. दोन्हीकडून ब² वजा करा: अ² − ब² = अब − ब². अवयव पाडा: (अ + ब)(अ − ब) = ब(अ − ब). दोन्हीकडचा (अ − ब) काढून टाका: अ + ब = ब. पण अ म्हणजेच ब, तेव्हा २ब = ब. म्हणून २ = १.

(अ − ब) काढून टाकताना आपण त्याने भागलं, आणि अ व ब सारखे असल्यामुळे ते शून्य आहे. शून्याने भागता येत नाही. पण डोळ्यांना तिथे शून्य दिसलं नाही, कंस दिसला, आणि कंस छाटायची सवय हाताला शाळेपासूनच आहे. आधीच्या पन्नास गणितांत तीच सवय बरोबर ठरली होती. फसव्या युक्तिवादाची ताकद इथेच आहे: तो वाईट सवयींवर चालत नाही, चांगल्या सवयींवर चालतो. फक्त त्या नको तिथे वापरायला लावतो.

म्हणजे असे युक्तिवाद पटतात ते यामुळे?

बऱ्याच अंशी. जवळजवळ प्रत्येक हेत्वाभासाला एक सज्जन भाऊ असतो. 'शितावरून भाताची परीक्षा' घ्या. शास्त्रात याला स्थालीपुलाक न्याय म्हणतात, आणि तो अगदी योग्य आहे, कारण एका भांड्यातली शितं एकाच पाण्यात, एकाच आचेवर शिजलेली असतात. शीत भलत्याच भांड्यातलं निघालं की तीच रीत घात करते. १९३६ च्या अमेरिकी अध्यक्षीय निवडणुकीआधी 'लिटररी डायजेस्ट' या साप्ताहिकाने सुमारे एक कोटी लोकांना नमुना मतपत्रिका पाठवल्या. वीस लाखांहून जास्त भरून परत आल्या. एवढ्या मतांवरून त्यांनी उमेदवार आल्फ लँडन जिंकणार असं सांगितलं. प्रत्यक्षात त्यांचे प्रतिस्पर्धी रूझवेल्ट यांनी ४८ पैकी ४६ राज्यं घेतली. मतपत्रिकांसाठी पत्ते घेतले होते टेलिफोनच्या याद्या आणि मोटारींच्या नोंदींमधून, आणि मंदीच्या त्या काळात या दोन्ही गोष्टी परवडणारे लोक वेगळे होते. शिवाय परत पाठवण्याची तसदी कोणी घेतली, हाही प्रश्न होताच. जनमत चाचण्या घेणाऱ्या जॉर्ज गॅलप यांनी त्यामानाने मूठभर लोकांना विचारलं, पण निवडून विचारलं, आणि विजेता बरोबर सांगितला.

दुसरं कारण साधं आहे: पुन्हापुन्हा ऐकलेलं खरं वाटू लागतं. १९७७ मध्ये हॅशर, गोल्डस्टीन आणि टोपिनो या मानसशास्त्रज्ञांनी हे प्रयोगातून दाखवलं. विधान खरं असो वा खोटं, दुसऱ्या-तिसऱ्यांदा कानावर आलं की लोक त्याला जास्त खरं मानत होते.

यांना मराठीत सोपी नावं नाहीत का? सगळी इंग्रजीच ऐकू येतात.

भरपूर आहेत, फक्त आपण त्यांना तर्कशास्त्राच्या कपाटात ठेवत नाही. एकामागून एक घडलं म्हणून पहिल्यामुळे दुसरं घडलं असं मानणं, यासाठी 'कावळा बसायला आणि फांदी तुटायला' इतकं नेमकं वाक्य दुसरं शोधून सापडणार नाही; शास्त्रात तो काकतालीय न्याय. ओढूनताणून जोडलेलं नातं म्हणजे बादरायण संबंध. सगळे करतात म्हणून बरोबर, तो गतानुगतिकपणा. ग्रंथ खरा कारण तो अमुक ऋषींनी लिहिला, आणि ते ऋषी खरे कारण ग्रंथात तसं म्हटलंय, हा अन्योन्याश्रय. एका नियमाला दोन मापं लावली की 'आपला तो बाब्या, दुसऱ्याचं ते कार्टं'. समोरचा जे बोललाच नाही ते त्याच्या तोंडी घालून मग त्यालाच झोडपणं, याला आपल्याकडे अगदी नेमका शब्द नाही. 'साप साप म्हणून भुई धोपटणं' जवळ येतं, पण पूर्ण बसत नाही.

'म्हातारी मेल्याचं दुःख नाही, पण काळ सोकावतो' ही म्हण मला सगळ्यांत गमतीची वाटते. हा उघडउघड घसरगुंडीचा युक्तिवाद आहे: आज हे चालवून घेतलं तर उद्या ते चालेल. तर्कशास्त्राची पुस्तकं अशा युक्तिवादाला दोषांच्या यादीत टाकतात, आणि आपण त्याला शहाणपण म्हणून जपलंय. दोन्हीत तथ्य आहे. काळ खरोखरच सोकावतो का, म्हणजे आजच्या पायरीने उद्याची पायरी प्रत्यक्षात सोपी होते का, हे प्रत्येक ठिकाणी वेगळं तपासावं लागतं. दाखवता आलं तर तो इशारा. नुसतं 'मग उद्या काय काय होईल!' असेल तर बागुलबुवा.

आकडेवारी दिली असेल तर फसण्याचा धोका कमी असतो ना?

उलट वाढतो. आकडा आला की माणूस प्रश्न विचारायचा थांबतो. इथे जरा रेंगाळतो, कारण आजचे बहुतेक फसवे युक्तिवाद आकडे घालूनच येतात.

१९९५ मध्ये ब्रिटनमध्ये इशारा दिला गेला की नव्या प्रकारच्या काही गर्भनिरोधक गोळ्यांमुळे रक्तात गुठळ्या होण्याचा धोका दुप्पट होतो. ते खरं होतं. ७,००० स्त्रियांमागे १ ऐवजी २. पण बातमीत 'दुप्पट' पोहोचलं, 'सात हजारांत एक जास्त' पोहोचलं नाही. अनेकींनी घाबरून गोळ्या सोडल्या, आणि पुढच्या वर्षी इंग्लंड-वेल्समध्ये गर्भपातांची संख्या वाढली. गंमत पाहा, गर्भारपणात गुठळ्यांचा धोका गोळ्यांपेक्षा जास्त असतो. एकही आकडा खोटा नव्हता.

दुसरं उदाहरण बर्कलीच्या कॅलिफोर्निया विद्यापीठाचं. १९७३ च्या पदव्युत्तर प्रवेशांत अर्ज केलेल्या पुरुषांपैकी सुमारे ४४ टक्क्यांना प्रवेश मिळाला आणि स्त्रियांपैकी सुमारे ३५ टक्क्यांना. भेदभाव सिद्ध झाला, असंच कोणीही म्हणेल. विभागवार पाहिल्यावर मात्र स्त्रियांविरुद्ध तसा कल दिसेना. उलट थोडा त्यांच्या बाजूनेच झुकलेला होता. स्त्रियांनी जास्त अर्ज केले होते ते अशा विभागांत, जिथे जागा कमी आणि कोणालाच सहज प्रवेश मिळत नव्हता. याचा अर्थ अन्याय कुठेच नव्हता असा होत नाही. मुली त्याच विभागांकडे का वळल्या, हा प्रश्न उरतोच. पण 'प्रवेश देणाऱ्यांनी डावललं' हे त्या एका बेरजेवरून निघत नव्हतं.

तिसरं उदाहरण वाचताना अजूनही अंगावर काटा येतो. १९९९ मध्ये इंग्लंडमध्ये एका आईवर आपल्या दोन तान्ह्या बाळांच्या खुनाचा खटला चालला. एका बालरोगतज्ज्ञाने साक्षीत सांगितलं की त्यांच्यासारख्या कुटुंबात दोन्ही बाळं आपोआप दगावण्याची शक्यता ७ कोटी ३० लाखांत १. एका बाळासाठी ही शक्यता ८,५४३ त १ धरली होती, आणि हा आकडा आला होता ८,५४३ ला ८,५४३ ने गुणून. गुणाकार बरोबर, पण तो तेव्हाच लागू पडतो जेव्हा दोन घटना एकमेकींपासून स्वतंत्र असतात. एकाच घरात, एकाच आईबापांच्या दोन बाळांबाबत तसं गृहीत धरायला काही आधार नव्हता. आणि त्याहून मोठी चूक ऐकणाऱ्यांच्या डोक्यात झाली: 'असं घडणं फार दुर्मीळ' याचा अर्थ 'ती निर्दोष असणं फार दुर्मीळ' असा लावला गेला. एकाच आईने दोन बाळांना मारणं हेही अतिशय दुर्मीळच, आणि तुलना करायची तर या दोन दुर्मीळ गोष्टींची करायला हवी होती. २००१ मध्ये रॉयल स्टॅटिस्टिकल सोसायटीने जाहीरपणे आक्षेप घेतला. २००३ मध्ये शिक्षा रद्द झाली. त्याचं मुख्य कारण बचाव पक्षापासून दडून राहिलेले वैद्यकीय अहवाल हे होतं, पण अपील न्यायालयाने त्या आकड्यालाही धारेवर धरलं. तोवर ती तीन वर्षांहून अधिक काळ तुरुंगात होती.

जाणूनबुजून, ठरवून असे युक्तिवाद वापरले जातात का?

हो, आणि त्यातले सर्वांत यशस्वी खोटं बोलतच नाहीत. सिगारेट आणि कर्करोगाचा संबंध १९५० च्या दशकात स्पष्ट होऊ लागला. अमेरिकेच्या सर्जन जनरलचा, म्हणजे सरकारच्या प्रमुख आरोग्य अधिकाऱ्याचा, अहवाल आला १९६४ मध्ये. त्या सगळ्या काळात तंबाखू कंपन्यांनी 'सिगारेट निरोगी आहे' हे सिद्ध करण्यावर भर दिला नाही. 'अजून संशोधन व्हायला हवं', 'तज्ज्ञांत एकमत नाही', 'फक्त आकडेवारीतला संबंध म्हणजे कारण नव्हे' असं त्या म्हणत राहिल्या. ही तिन्ही वाक्यं कुठल्याही चांगल्या शास्त्रज्ञाच्या तोंडी शोभतील. १९६९ च्या एका कंपनीच्या अंतर्गत टिपणात तर सरळ लिहिलंय की शंका हेच आपलं उत्पादन आहे.

वर वितंडेची धार उपयोगी पडेल म्हटलं ते यासाठी. स्वतःचा पक्षच न मांडणं आणि समोरच्याचं फक्त खिळखिळं करत राहणं, याला दोष द्यायचा तर 'खोटं बोललात' म्हणून चालत नाही. विचारायचं ते हे: 'तुमचं म्हणणं काय? आणि काय दाखवलं तर तुम्ही मान्य कराल?'

चर्चेत समोरचा मधेच भूमिका बदलतो आणि पकडीत येत नाही. हा कुठला प्रकार?

तत्त्वज्ञ निकोलस शॅकेल यांनी २००५ मध्ये याला मध्ययुगीन गढीवरून नाव दिलं. आपल्याला ते समजायला अजिबात कठीण नाही: माची आणि बालेकिल्ला. माणूस राहतो माचीवर, म्हणजे मोठा, सोयीचा, पण राखायला अवघड दावा करतो: 'विज्ञान हे फक्त एक मत आहे.' हल्ला झाला की बालेकिल्ल्यात शिरतो: 'मी एवढंच म्हणतोय की शास्त्रज्ञही माणसंच असतात.' हे कोण नाकारणार? तुम्ही पाठ फिरवलीत की स्वारी पुन्हा माचीवर. उपाय एकच: दोन्ही वाक्यं शेजारीशेजारी ठेवून विचारायचं, 'यातलं कुठलं धरू?'

न्यायसूत्रांत याच्या जवळपासचे प्रकार निग्रहस्थानांत येतात. निग्रहस्थान म्हणजे जिथे पोहोचलात की तुम्ही हरलात. एकूण २२. मूळ प्रतिज्ञा सोडून देणं, मधेच हेतु बदलणं, भलताच विषय काढणं, तेच तेच बोलणं, एक पुरे असताना उगाच चार कारणं देणं, सगळी यात आहेत. 'विक्षेप' माझं आवडतं: 'मला जरा काम आहे' म्हणून चर्चेतून काढता पाय घेणं.

'तू स्वतः तेच करतोस' हे उत्तर नेहमीच चुकीचं का?

नेहमीच नाही. सिगारेट ओढणाऱ्या डॉक्टरने 'सिगारेट सोडा' म्हटलं तर सल्ला त्याच्या सवयीमुळे खोटा ठरत नाही. पण प्रश्न सल्ल्याचा नसून न्यायाचा असेल, म्हणजे जो नियम तो माझ्यावर लादतोय तो स्वतःला का लावत नाही, तर हे उत्तर अगदी मुद्द्याचं आहे. साक्षीदाराबाबतही तसंच: त्याच्या शब्दाशिवाय दुसरा पुरावा नसेल, तर तो माणूस कसा आहे हे विचारावंच लागतं.

समोरच्याच्या बोलण्यात हेत्वाभास सापडला, म्हणजे तो हरला ना?

त्याचा युक्तिवाद पडला. निष्कर्ष पडला असं नाही. लाकूड पोखरताना किड्याकडून कधी एखादं अक्षर उमटतं; त्याला घुणाक्षर न्याय म्हणतात. किड्याला लिहिता येत नाही, पण अक्षर तर बरोबर असतं! 'पृथ्वी गोल आहे, कारण आमच्या आजोबांनी सांगितलं' या वाक्यातलं कारण कच्चं आहे, पृथ्वी मात्र गोलच आहे. दोषाचं नाव फेकून मारणं आणि उत्तर देणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. नुकताच तर्कशास्त्र शिकलेला माणूस यातच सर्वांत जास्त अडकतो. अनुभवाने सांगतोय, मीही काही वर्षं असा असह्य होतो.

मग ओळखायचे कसे? सगळी नावं पाठ करावी लागतील का?

गरज नाही. ॲरिस्टॉटलने अशा दोषांचे १३ प्रकार सांगितले, सहा भाषेतले आणि सात भाषेबाहेरचे. तेवढेही रोजच्या व्यवहारात लागत नाहीत. मला सगळ्यांत जास्त उपयोगी पडलेली युक्ती म्हणजे युक्तिवादाचा साचा उचलून दुसऱ्या विषयावर बसवून पाहणं. प्लेटोच्या 'युथिडेमस' संवादात एक सोफिस्ट, म्हणजे पैसे घेऊन वादकला शिकवणारा, सिद्ध करतो: हा कुत्रा बाप आहे (त्याला पिल्लं आहेत), हा कुत्रा तुझा आहे, म्हणजे हा तुझा बाप आहे. ऐकताना शब्द सापडत नाहीत, पण नुसतं खोटं आहे एवढं कळतं. साचा बदला: 'हे चित्र सुंदर आहे, हे चित्र तुझं आहे, म्हणून हे तुझं सुंदर आहे'. इथे मोडतोड लगेच दिसते. 'तुझा' हा शब्द मालकी सांगतोय की नातं, ते मधेच बदललं होतं.

दुसरी युक्ती: न बोललेलं वाक्य शोधा. प्रत्येक युक्तिवादात एक गृहीतक गिळलेलं असतं. ते मोठ्याने उच्चारलं की बोलणाराच कधीकधी थबकतो. आणि उलट तपासणी स्वतःचीही: निष्कर्ष आवडीचा असला की मी हेतु तपासत नाही, नावडता असला की लगेच भिंग काढतो.

चांगल्या कामासाठी फसवा युक्तिवाद वापरला तर काय बिघडलं?

न्यायसूत्रांचं यावरचं उत्तर अनपेक्षित आहे. अंकुराचं रक्षण करायला जशा काटेरी फांद्या लावतात, तसे सत्याच्या रक्षणासाठी जल्प आणि वितंडा वापरावेत, असं तिथे चक्क म्हटलंय. जल्पात छलही चालतो. म्हणजे परंपरा अगदीच सोवळी नव्हती. चरकसंहितेतही वैद्यांसाठी दोन प्रकारच्या चर्चा सांगितल्या आहेत, एक सलोख्याने करायची आणि एक झगडून जिंकायची.

तरी मी या काटेरी कुंपणाच्या बाजूने नाही. कॉलेजात असताना एका वादविवाद स्पर्धेत मी योग्य बाजू मांडली, पण एक पोकळ आकडा वापरून. पारितोषिक मिळालं. नंतर मंडपाबाहेर एका मुलीने तो आकडा शांतपणे फोडला आणि विचारलं, 'तुझी बाजूही अशीच आहे का?' बाजू तशी नव्हती. पण तिला ते पटवून द्यायला माझ्याकडे तेव्हा काही उरलं नव्हतं.

एकाच दमात वीस मुद्दे टाकणाऱ्याचं काय करायचं?

वीसही खोडायला जाऊ नका. एक मुद्दा टाकायला दहा सेकंद लागतात, खोडायला दहा मिनिटं. त्यालाच त्यातला सर्वांत भक्कम मुद्दा निवडायला सांगा, आणि त्या एकावरच बोला. निवडायला नकार दिला तर तेही उत्तरच आहे.

लिहिताना कुठला शब्द वापरावा?

निष्कर्षासाठी दिलेलं कारणच पोकळ असेल तर हेत्वाभास. तर्काच्या मांडणीत कुठेही चूक असेल तर तर्कदोष. हा जास्त मोकळा आणि वर्तमानपत्री मजकुराला सोयीचा शब्द आहे. शब्दांशी मुद्दाम खेळ असेल तर शब्दच्छल, आणि वितंडा फक्त तिथे, जिथे समोरच्याने स्वतःची बाजू मांडलेलीच नाही. 'दिशाभूल' हा शब्द लिहिताना थोडं थांबावं. त्यात इराद्याचा आरोप आहे, आणि तो वेगळा सिद्ध करावा लागतो.